व्यवहारदृष्टी : चित्रफितीचा हरवलेला आवाज

व्यापारी घराण्यात जुनी वही सहसा टाकली जात नाही. रोजमेळ, खतावणी, आवक-जावकीच्या नोंदी लाल कापडात बांधून माळ्यावर जपलेल्या असतात आणि त्यांपैकी एखादी चाळीस वर्षांनंतरही वाटणीच्या किंवा जागेच्या प्रश्नात साक्षीला उभी राहते. गेल्या तीन दशकांत या गाठोड्यांच्या शेजारी आणखी एक ठेव साठत आली आहे. लग्नाच्या कॅसेट, बारशाच्या डीव्हीडी, दुकानाच्या उद्घाटनाचे मेमरी कार्ड, यात्रेच्या चित्रणाने भरलेली हार्ड डिस्क. वहीला वर्षातून एकदा ऊन दाखवले की पुरते. या नव्या ठेवीला मात्र ठरावीक काळाने नवे रूप द्यावे लागते, कारण ती वाचणारी यंत्रेच बाजारातून नाहीशी होतात. हे रूपांतर करताना अनेक घरांत एक विचित्र अनुभव येतो. चित्र स्वच्छ उतरते, माणसे वावरतात, त्यांचे ओठही हलतात. आवाज मात्र येत नाही.

आवाज खरोखर गेला आहे, की असूनही ऐकू येत नाही, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. कानाला दोन्ही मौने सारखीच भासतात. त्यांचे कारण निराळे, उपाय निराळा आणि धोकाही निराळा. हा भेद ओळखण्यापूर्वीच मूळ फाइल पुसली गेली, तर जे जाते ते पैसे मोजूनही परत मिळत नाही.

सांगलीतील एका घरात हा प्रसंग थोडक्यात टळला.

एका अडत दुकानाची गोष्ट

हे कुटुंब हळदीच्या अडतीचे. दुकान १९६० सालचे. २०१० साली दुकानाचा सुवर्णमहोत्सव झाला, तेव्हा थोरल्या नातवाने नव्याने घेतलेल्या हँडीकॅमवर सारा दिवस टिपून ठेवला. त्या दिवशी आजोबा नातवंडांना समोर बसवून मोकळेपणाने बोलले. हरिपूरच्या पेवांत हळद कशी साठवली जाई, पेवाचे तोंड उघडल्याबरोबर माणसाने आत का उतरायचे नाही, २००५ च्या महापुरात पेवांची किती हानी झाली, हे सारे त्यांनी सांगितले. शेवटी एक हळकुंड हातात घेऊन त्यांनी ते कानाजवळ मोडले. नीट वाळलेल्या हळकुंडाचा मोडताना धातूसारखा खणखणीत आवाज येतो, दमट हळकुंडाचा येत नाही. ही पारख डोळ्यांनी नव्हे, कानांनी करायची असते, एवढे सांगून त्यांनी दुसरे हळकुंड थोरल्या नातवाच्या हाती दिले होते.

काही वर्षांपूर्वी आजोबा निवर्तले. यंदाच्या पुण्यतिथीला ते चित्रण सर्वांना दाखवावे, असे घरात ठरले. धाकट्या नातवाने जुनी हार्ड डिस्क काढली. तिच्यात एमटीएस प्रकारच्या नऊ फाइल होत्या. त्या आजीच्या मोबाइलवर उघडेनात, म्हणून त्याने त्यांचे एमपीफोर स्वरूपात रूपांतर करायला घेतले. सात फाइल लॅपटॉपवरील एका प्रोग्रामने झटपट उरकल्या. उरलेल्या दोन त्याने रात्री इंटरनेटवरील एका विनामूल्य सेवेकडून करून घेतल्या. सातांपैकी दोन-तीन लॅपटॉपवर चालवून पाहिल्या. आवाज येत होता. शेवटच्या दोन फाइल त्याने फक्त उघडून चित्र दिसते एवढे पाहिले.

दुसऱ्या दिवशी धाकटे काका म्हणाले, "अरे, त्या डिस्कवर दुकानाची बिले ठेवायला जागा उरलेली नाही. नवीन फाइल झाल्या ना? मग जुन्या काढून टाक."

"संध्याकाळी काढतो, काका," नातू म्हणाला.

दुपारी त्याने सर्व फाइल आजीच्या मोबाइलवर घातल्या. आजीने चष्मा लावून मोबाइल जवळ धरला, आवाजाचे बटण वाढवले, मग नातवाला हाक मारली. "बाळा, हे बोलताहेत. पण मला ऐकू का येईना? माझ्या कानात दोष आहे का?"

दोष आजीच्या कानात नव्हता. नऊपैकी एकही फाइल तिच्या मोबाइलवर बोलत नव्हती. लॅपटॉपवर मात्र सात बोलत होत्या आणि दोन तिथेही मुक्याच होत्या. नातू गोंधळला. दुकानातील वयोवृद्ध दिवाणजी तिथेच बसले होते. त्यांना संगणकातले फारसे कळत नव्हते. तरी त्यांनी काकांना विचारलेला प्रश्न नेमका होता. "अण्णा, गाडीतून पोती कमी उतरली, तर आपण आधी काय बघतो? निघताना किती भरली होती, ते. इथे निघताना काय भरले होते, ते कुणी पाहिलेय का?"

ते कोणीच पाहिले नव्हते.

बारदान आणि माल

दिवाणजींच्या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी चित्रफितीच्या फाइलची रचना ध्यानात घ्यावी लागते. फाइलच्या नावाच्या शेवटी असलेली एमपीफोर, एव्हीआय, एमकेव्ही, एमओव्ही, एमटीएस ही अक्षरे फक्त बारदानाचा प्रकार सांगतात. तांत्रिक भाषेत यास कंटेनर म्हणतात. या बारदानात किमान दोन माल स्वतंत्रपणे भरलेले असतात. एक दृश्याचा प्रवाह, दुसरा ध्वनीचा. प्रत्येक माल कोणत्या पद्धतीने दाबून भरला, त्या पद्धतीस कोडेक म्हणतात. गोणपाट पाहून आत हळद आहे की गूळ, हे सांगता येत नाही. त्याचप्रमाणे एमपीफोर हे नाव पाहून आतील ध्वनी कोणत्या कोडेकचा आहे, हे कळत नाही.

बारदानांचा आणि कोडेकांचा इतिहासही निरनिराळा आहे. एव्हीआय हे बारदान मायक्रोसॉफ्टने १९९२ साली आणले. एएसी ही ध्वनी दाबण्याची पद्धत १९९७ साली प्रमाण म्हणून मान्य झाली आणि आज जवळजवळ प्रत्येक मोबाइल ती जाणतो. हँडीकॅमसाठीचे एव्हीसीएचडी हे स्वरूप सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ साली जाहीर केले. त्यात दृश्य एच.२६४ पद्धतीचे असते. ध्वनी मात्र एएसी नसून बहुधा डॉल्बी डिजिटल म्हणजे एसी-३ पद्धतीचा असतो. सांगलीच्या घरातील कॅमेरा याच जातीचा होता.

एसी-३ हा ध्वनी चित्रपटगृह, डीव्हीडी आणि दूरचित्रवाणी यांसाठी घडवलेला. तो उलगडण्याची सोय यंत्रात द्यायची तर उत्पादकाला परवाना घ्यावा लागे. त्यामुळे काही मोबाइलमध्ये ही सोय असते, काहींमध्ये नसते. व्हीएलसीसारखा प्लेअर स्वतःबरोबरच बहुतेक सर्व कोडेक बाळगतो, म्हणून लॅपटॉपवर जी फाइल बोलते तीच मोबाइलवर गप्प बसते. मोबाइल बिचारा चित्र ओळखतो, ध्वनी ओळखत नाही, आणि बहुतेक वेळा तसे स्पष्ट सांगतही नाही. एखाद्या परभाषी पाहुण्यासमोर संकोचाने मौन धरावे, तसे ते असते.

दोन मौने

थोरल्या नातवाची पत्नी पुण्यात संगणक क्षेत्रात काम करते. पुण्यतिथीसाठी ती घरी आली होती. धाकट्या दिराने तिला सारी हकीकत सांगितली. तिने प्रथम काकांना विनंती केली, "काका, डिस्कला आज कुणी हात लावायचा नाही." मग तिने मीडियाइन्फो नावाचा विनामूल्य प्रोग्राम लॅपटॉपवर घेतला. हा प्रोग्राम फाइल चालवत नाही. तो तिच्या आतील मालाची यादी देतो. यादीत साधारण तीन भाग असतात. पहिला सर्वसाधारण माहितीचा, दुसरा 'व्हिडिओ', तिसरा 'ऑडिओ'.

मूळ नऊही फाइलींत 'ऑडिओ' हा भाग होता आणि त्यापुढे एसी-३ असे लिहिलेले होते. म्हणजे निघताना माल पुरा भरलेला होता. रूपांतरित सात फाइलींत 'ऑडिओ' भाग शाबूत होता, पण तिथेही एसी-३ हेच नाव होते. लॅपटॉपवरील प्रोग्रामने जलद काम करण्यासाठी माल तसाच ठेवून फक्त बारदान बदलले होते. राहिलेल्या दोन फाइलींच्या यादीत मात्र 'ऑडिओ' हा भागच नव्हता. त्या विनामूल्य सेवेला एसी-३ उलगडता आला नसावा. तिने ध्वनी गाळला आणि काम पूर्ण झाल्याची सूचना दिली.

हीच ती दोन मौने. पहिल्या मौनात ध्वनी फाइलीत आहे, फक्त ऐकवणाऱ्या यंत्राला त्याची भाषा येत नाही. इथे मूळ फाइल हरवली असती, तरी रूपांतरित फाइलीतून आवाज परत काढता आला असता. दुसऱ्या मौनात ध्वनी फाइलीत नाहीच. इथे जगातील कोणताही प्रोग्राम उपयोगी पडत नाही. एकमेव आधार म्हणजे मूळ फाइल. आणि हळकुंड मोडण्याचा प्रसंग या दोन फाइलींपैकी एकीत होता.

धाकट्या काकांनी हे ऐकले आणि ते काही वेळ बोलले नाहीत. संध्याकाळ व्हायला दोन तास उरले होते.

आकारमानाने फसगत

व्यवहारी माणूस विचारील, की आवाज गळाला तर फाइल हलकी होणार. मग ते वजनावरून का लक्षात येऊ नये? या प्रश्नाचे उत्तर साध्या गणितात आहे. समजा, दृश्याचा प्रवाह सेकंदाला १७ मेगाबिट आहे आणि ध्वनीचा २५६ किलोबिट. हे दोन्ही आकडे अशा हँडीकॅमला शोभणारे आहेत. एका तासाचे ३,६०० सेकंद आणि एका बाइटचे ८ बिट. या हिशोबाने तासाभराचे दृश्य सुमारे ७,६५० मेगाबाइट भरते आणि ध्वनी सुमारे ११५ मेगाबाइट. म्हणजे सारा आवाज मिळून एकूण वजनाच्या दीड टक्क्याच्या आसपास. आजोबांचे शब्द, हशा, हळकुंडाचा खणखणाट, एवढे सगळे त्या दीड टक्क्यात असते. शंभर किलोच्या पोत्यात दीड किलोची तूट वजनकाट्यावर दिसते. फाइलच्या बाबतीत ती दिसत नाही, कारण रूपांतरात दृश्याचे वजनही कमी-जास्त होत असते. म्हणून फाइलचा आकार हा ताळा मानू नये. यादी पाहावी आणि कानाने ऐकावे.

उपाय

पहिली पायरी मूळ फाइल व्हीएलसीमध्ये चालवून पाहण्याची. तिथे आवाज आला, तर ध्वनी सुरक्षित आहे असे समजावे. व्हीएलसीच्या 'टूल्स' या मेनूत 'कोडेक इन्फर्मेशन' हा पर्याय आहे. तोही आतील प्रवाहांची यादी देतो. तिथे एसी-३ चा उल्लेख ए-५२ असा आढळला तर बुचकळ्यात पडू नये. ते त्याच पद्धतीचे दुसरे नाव आहे.

दुसरी पायरी ध्वनी एएसी पद्धतीत बदलून घेण्याची. ज्यांना चित्रमय पडद्यावर काम करणे सोयीचे वाटते, त्यांच्यासाठी हँडब्रेक हा विनामूल्य प्रोग्राम चांगला आहे. त्यात 'ऑडिओ' नावाचा स्वतंत्र टॅब असतो आणि तोच बहुतेक जण उघडून पाहत नाहीत. तिथे ध्वनीची ओळ आहे ना, हे आधी पाहावे. कोडेक म्हणून एएसी निवडावा, मिक्सडाउनच्या जागी 'स्टीरिओ' ठेवावे आणि बिटरेट १६० किंवा १९२ ठेवावा. 'पासथ्रू' हा शब्द दिसला तर सावध व्हावे. पासथ्रू म्हणजे ध्वनी जसाच्या तसा पुढे जाऊ देणे. एसी-३ पासथ्रू केला, की नव्या फाइलीतही एसी-३ च राहतो आणि मोबाइल पुन्हा गप्प बसतो. काही हँडीकॅम सहा वाहिन्यांचा, म्हणजे ५.१ प्रकारचा ध्वनी टिपतात. तोही 'स्टीरिओ' निवडल्यास दोन वाहिन्यांत एकत्र होतो आणि साध्या मोबाइलवर व्यवस्थित ऐकू येतो.

हँडब्रेकची एक मर्यादा आहे. तो दृश्यही नव्याने दाबतो. त्यात वेळ जातो आणि चित्राचा किंचित कस कमी होतो. दृश्याला अजिबात न छेडता फक्त ध्वनी बदलायचा असेल, तर एफएफएमपेग हे साधन उत्तम. ते २००० सालापासून विकसित होत आलेले असून अनेक परिचित प्रोग्राम आतून याच्याच आधारे चालतात. यात बटणे नसतात; आज्ञा टंकित करावी लागते, म्हणून घरातील जाणत्या मुलाची किंवा मुलीची मदत घ्यावी. तिला एवढेच सांगावे, की दृश्यप्रवाहासाठी 'कॉपी' आणि ध्वनिप्रवाहासाठी 'एएसी' अशी आज्ञा द्यायची. सांगलीच्या घरात वहिनींनी हेच केले. दृश्य पुन्हा दाबायचे नसल्याने नऊही फाइलींचे काम चहा होईपर्यंत आटोपले.

एफएफएमपेगची एक खोड ठाऊक असावी. फाइलीत एकाहून अधिक ध्वनिप्रवाह असले, तर वेगळे न सांगता ते एकच निवडते. ज्यात वाहिन्या अधिक, तो. दुसऱ्या प्रवाहात निवेदन असले, तर ते मागे राहते. सर्व प्रवाह हवे असल्यास तसे स्पष्ट सांगावे लागते.

जुन्या ठेवींचे निरनिराळे स्वभाव

घरोघरी साठलेली चित्रणे एकाच काळातील नसतात. प्रत्येक पिढीच्या यंत्राने आवाज वेगळ्या ठिकाणी ठेवलेला असतो.

डीव्हीडीवरील चित्रण व्हीओबी नावाच्या फाइलींत असते. या फाइलीच्या आरंभी मालाची पूर्ण यादी दिलेली नसते; प्रोग्राम सुरुवातीचा थोडा भाग वाचून आत काय आहे याचा अंदाज करतो. एफएफएमपेग साधारणपणे पहिले ५ सेकंद किंवा ५० लाख बाइट एवढेच चाचपते. लग्नाच्या डीव्हीडीत आरंभी नुसती नावांची पाटी असेल आणि सनई पुढे सुरू होत असेल, तर ध्वनी आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही. अशा वेळी तपासणीची मर्यादा वाढवून द्यावी लागते. 'अ‍ॅनालाइझ ड्युरेशन' आणि 'प्रोब साइझ' या दोन आज्ञा त्यासाठीच आहेत.

मिनी डीव्ही कॅसेटवरून संगणकात घेतलेल्या एव्हीआय फाइलींचे दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारात ध्वनी दृश्याच्याच प्रवाहात गुंफलेला असतो. दुसऱ्यात त्याचा प्रवाह स्वतंत्रपणे दिलेला असतो. काही प्रोग्राम फक्त स्वतंत्र प्रवाह शोधतात आणि पहिल्या प्रकारच्या फाइलीला मुकी ठरवून मोकळे होतात. पहिल्या प्रकाराची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलून घेतली, की आवाज हजर होतो.

सुरुवातीच्या काळातील कॅमेरा-मोबाइलवर टिपलेल्या थ्रीजीपी फाइलींत ध्वनी पुष्कळदा एएमआर पद्धतीचा असतो. ही पद्धत दूरध्वनीवरील बोलण्यासाठी घडवलेली. सेकंदाला फक्त ८,००० नमुने घेणारी. तिचे एएसीत रूपांतर होते, परंतु मूळचा आवाज जेवढा बारीक तेवढाच राहतो. रूपांतराने आवाज ऐकू येतो, सुधारत नाही. बाळाचा पहिला बोल अशा फाइलीत असला, तर तो खरखरीसकट स्वीकारावा.

आणखी एक प्रकार जाणत्यांनाही चकवतो. यादीत ध्वनी आहे, कोडेकही एएसीच आहे, हेडफोन लावला तर ऐकू येते आणि तरीही मोबाइलच्या एकाच स्पीकरवर सारे सामसूम. सभागृहातील माइकची वायर चुकीची जोडली गेली, तर डाव्या आणि उजव्या वाहिनीत एकच आवाज परस्परविरुद्ध दिशेने नोंदला जातो. दोन वाहिन्या एकत्र करताच जमा आणि नावे सारखे होऊन शिल्लक शून्य यावी, तसा आवाज नाहीसा होतो. अशा वेळी ध्वनिसंपादन करणाऱ्या प्रोग्राममध्ये एक वाहिनी उलटी करावी, अथवा फक्त डावी वाहिनी दोन्हीकडे घ्यावी. शून्य दिसले म्हणून खाते रिकामे समजू नये.

तयार झालेली फाइल नातलगांना पाठवतानाही काळजी हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्रफीत म्हणून पाठवली, तर ती पुन्हा दाबली जाते; 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली, तर जशीच्या तशी पोहोचते. जपून ठेवायची प्रत दुसऱ्या मार्गानेच द्यावी.

पुसण्यापूर्वीचा ताळा

दिवसाचा व्यवहार संपल्यावर रोकड मोजल्याखेरीज गल्ला बंद होत नाही. रूपांतरानंतर मूळ फाइलीला हात लावण्यापूर्वीही असाच ताळा घ्यावा. प्रथम फाइलींची संख्या जुळवावी. नऊ निघाल्या तर नऊ पोहोचल्या का? मग प्रत्येक फाइलची यादी पाहून 'व्हिडिओ' आणि 'ऑडिओ' हे दोन्ही भाग असल्याची खात्री करावी आणि दोहोंचा कालावधी मूळ फाइलीशी ताडून पाहावा. त्यानंतर आरंभी, मध्यभागी आणि शेवटी अशा तीन ठिकाणी प्रत्यक्ष ऐकावे, कारण काही वेळा आवाज अर्ध्यावर तुटतो किंवा ओठांच्या मागे-पुढे होत जातो. आणि अखेर ज्या व्यक्तीसाठी हे सारे केले, तिच्याच यंत्रावर फाइल चालवून पाहावी. नातवाने तपासणी लॅपटॉपवर केली. ऐकायचे होते आजीला, मोबाइलवर. चूक तिथे झाली.

इतके करूनही मूळ फाइल पुसू नये, हे उत्तम. रूपांतरित फाइल ही नक्कल. मूळ ते मूळ. नक्कल चुकली तर मुळावरून दुसरी काढता येते. मूळ गेले तर नक्कलेतील चूक कायमची होते. किमान दोन डिस्कवर प्रती ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर, एखाद्या भावाकडे किंवा लेकीकडे असावी. ज्या गावांनी महापूर पाहिला आहे, त्या गावांना एकाच छताखाली सारे ठेवण्याचा धोका निराळा सांगावा लागत नाही.

डिस्कवर कोणत्या वर्षाचे, कोणत्या प्रसंगाचे चित्रण आहे, कोणत्या कॅमेऱ्याने टिपले, फाइली किती आणि ध्वनी कोणत्या पद्धतीचा, हे एका कागदावर लिहून डिस्कबरोबर ठेवावे. पुढील पिढीला एमपीफोर हे नावही जुने वाटेल. त्या वेळी रूपांतर करणाऱ्याच्या हाती निघतानाच्या मालाची यादी असेल, तर त्याला दिवाणजींचा प्रश्न विचारावा लागणार नाही.

सांगलीच्या घरात धाकट्या काकांनी दुकानाच्या बिलांसाठी नवी डिस्क आणली. जुनी डिस्क आता कपाटात, रोजमेळाच्या शेजारी आहे आणि तिच्यावर दिवाणजींच्या वळणदार अक्षरात नऊ फाइलींची नोंद चिकटवलेली आहे.

पुण्यतिथीच्या दिवशी चित्रण सर्वांनी मिळून पाहिले. आजीने मात्र त्याआधीच, आदल्या संध्याकाळी, देवघराबाहेरच्या पायरीवर बसून मोबाइलवर एकटीने ऐकून घेतले होते. हळकुंड मोडल्याचा आवाज आला तेव्हा तिने ते चित्र थांबवले, थोडे मागे नेले आणि पुन्हा ऐकले. मग नातवाला म्हणाली, "माझे कान ठीक आहेत म्हणायचे."